वरच्या वळणावरचे मासे

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रयोगशाळेतल्या बाई तपासणीसाठी सहा मासे न्यायला येत. गेली नऊ वर्षं ते वडील देत. त्यांना जाऊन अठरा दिवस झाले होते, म्हणून आज लेकीने धक्क्यासमोर जाळं टाकलं. कारखान्याचं पाणी तिथेच नदीत उतरायचं.

काकांनी टोपलीत डोकावून पाहिलं. "हा मासा आहे की हँगर? कोट अडकव याला."

माशाचा कणा मधेच वाकला होता. दुसऱ्याचे कल्ले तिने उचलून पाहिले, तर लाल नाहीत, राखाडी, वर बुळबुळीत थर.

"टाकून दे," काका म्हणाले. "दादा असले कधी देत नव्हता. पाहुण्याला द्यायचे तर धडधाकट द्यायचे, म्हणायचा. तासभर वल्हवत कारखान्याच्या वर, वळणापर्यंत जायचा."

"आणि माशांसोबतच्या चिठ्ठीवर जागा कुठली लिहायचे?"

"धक्काच. राहायचा तो तिथेच ना?"

तिने दारातून आत पाहिलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर नऊ वर्षांचे अहवाल चिकटवलेले होते: शिसं मर्यादेत, कॅडमियम मर्यादेत. त्या कागदांच्या भरवशावर सगळी वस्ती धक्क्यावरचे मासे खात आली होती. बाबाही खायचे. शिजल्यावर कणा कोणाला दिसतो, म्हणत वाकडा मासा ते आपल्याच ताटात घेत.

"बाईंना सांगावं लागेल," ती म्हणाली.

"माणूस गेल्यावर त्याला खोटारडा ठरवणार? तेही पोटच्या पोरीने?"

तिने टोपली उचलून सावलीत ठेवली.

बाई आल्या, बर्फाची पेटी उघडून बसल्या आणि हळहळल्या. "तुमच्या वडिलांचे मासे किती देखणे असायचे."

"ते वरच्या वळणावरचे असायचे," ती म्हणाली. "सगळेच. जुने अहवाल धरू नका. धक्क्यावरचे मासे हे असे आहेत."

बाईंचं पेन थांबलं. "त्यांनी असं का केलं असेल?"

"तुम्हाला वाईट मासा द्यायचा त्यांना संकोच वाटायचा."

बाई एकेक मासा पेटीत ठेवू लागल्या. वाकडा काही केल्या सरळ मावेना. काका दाराशी उभे होते. ते पुढे आले, त्यांनी हाताने बर्फ बाजूला सारला आणि तो होता तसाच मावेल एवढी जागा करून दिली.