तिरक्या शिवणीवरची इस्त्री

मी एक जुनी इस्त्री आहे. वजन अडीच किलो, मूठ लाकडी, वायरीवर कापडाचे वेष्टण. ज्या दिवसाची मला अजून लाज वाटते, त्या दिवशी शिवणखोलीच्या टेबलावर अठ्ठेचाळीस तुकडे होते. त्यांतले अडतीस वाकडे होते आणि दहा सरळ.

मित्रांनो, त्याआधीचे थोडे सांगते. कारखान्यात माझा तळ घासून घासून आरशासारखा केला गेला. तिथून मी एका शिंप्याच्या दुकानात आले आणि एका बाईंच्या हातात पडले. त्यांची भाची त्यांना मावशी म्हणते, म्हणून मीही तसेच म्हणते. मावशींनी माझ्यासोबत वीस वर्षे शर्ट सरळ केले. त्यांचा हात लांब आणि जोरकस. कॉलरपासून शेवटापर्यंत मला एका दमात ढकलत न्यायच्या. "हिच्या हाताखालून सुरकुती जिवंत सुटत नाही," शिंपी म्हणायचा. ते ऐकून मी फुगत असे. ढकलणे हाच माझा गुण, असे मी धरून चालले होते.

पुढे मावशींनी दुकान सोडले, मला सोबत घेतले आणि घरीच गोधड्या शिवायला बसल्या. कापण्याचे काम त्यांनी भाचीला दिले. ती फार चोख पोरगी. गडद आणि फिका असे दोन चौकोन ती एकमेकांवर ठेवी, सुलट बाजू आत. मग खडूने एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात रेघ ओढी. रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव पाव इंचावर शिलाई मारी आणि रेघेवरच कात्री चालवी. उघडले की दोन चौकोन मिळत, प्रत्येक अर्धा गडद, अर्धा फिका. मापाची पट्टी तिच्या कानामागे पेन्सिलीसारखी खोचलेली असे.

तेव्हा समोरच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बाळासाठी गोधडी सांगितली होती. भाचीने कापलेली ही पहिली गोधडी. "ही नीट झाली तर कात्री कायमची तुझी," मावशी म्हणाल्या होत्या.

चोवीस जोड्यांचे अठ्ठेचाळीस तुकडे झाले. मावशी ते माझ्याखाली घेऊ लागल्या, शर्टासारखेच. शिवणीपासून कोपऱ्यापर्यंत, जोरात. कापड उभे किंवा आडवे ओढले तर फारसे ताणत नाही. तिरके ओढले तर रबरासारखे ताणते. ती शिवण तिरकीच होती. माझ्या तळाखाली कापड सरकत होते आणि मला ते कळत होते. मी मात्र नेहमीसारखी मिरवत राहिले.

अडतीस झाले आणि वीज गेली. उरलेले दहा भाचीने अंगठ्याच्या नखाने दाबून उघडले आणि जाडजूड पुस्तकाखाली ठेवून दिले.

सकाळी डॉक्टरीणबाई बघायला आल्या. तुकडे मांडले, तर ओळी जुळेनात. एक कोपरा इकडे पळतो, दुसरा तिकडे.

"मावशी, मी मोजून कापलेत गं. कापडच काहीतरी..." भाची म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मावशी म्हणाल्या, पाहुण्यांच्या देखत. "अहो, हिची नजरच तिरकी. दोष माझा, मीच कात्री दिली."

डॉक्टरीणबाई कसनुशा हसल्या. भाचीने कात्री उचलली, खणात ठेवली आणि खण लावून टाकला. मी स्टँडवर उभी होते, गार. मला तोंड असते तरी मी ते उघडले असते का, कोण जाणे. वीस वर्षांची शाबासकी गमावायला कोणाला आवडते?

दोन दिवस ती फक्त बटणे लावत होती. पट्टी कानामागे नव्हती. ती स्वतःच्याच नजरेला भ्यायली आहे हे मला दिसत होते. मला हे सगळ्यांत जास्त लागले.

तिसऱ्या दिवशी मावशींनी तिला चांगले तुकडे निवडून काढायला सांगितले. तिने निवडले, दहा निघाले. ते तिने उलटसुलट पाहिले. दहाही तुकड्यांवर नखाची रेघ होती.

तिने एक तुकडा घेऊन त्याचे दोन्ही कर्ण मोजले. एकशे सत्तर मिलिमीटर आणि एकशे सत्तर, म्हणजे चौकोन नेमका.

"मावशी, याला जरा इस्त्री कर ना. तुझ्या नेहमीच्या हातानं."

मावशींनी केली. भाचीने पुन्हा मोजले. एकशे चौऱ्याहत्तर आणि एकशे अडुसष्ट. तिने पट्टी मावशींच्या पुढे सरकवली. मावशींनी चष्मा पुसला, स्वतः मोजले, मग माझ्याकडे पाहिले आणि मग आपल्या हाताकडे. मी तापलेली होते, तरी माझ्या अंगावर काटा आला.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"मलाही आत्ताच कळलं."

आता वाकडे एकोणचाळीस झाले होते.

संध्याकाळी मावशी पायात चपला सरकवून डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेल्या. भाची मागोमाग गेली. परत आल्यावर ती मला नाही, कपाटाला सांगावे तसे पुटपुटली, "मावशी सगळ्या पेशंटसमोर म्हणाली. हात माझा होता, म्हणाली." मग तिने खण उघडला.

दुसऱ्या दिवशी तिने पुठ्ठ्यावर नेमका चौकोन आखला. प्रत्येक वाकडा तुकडा पाण्याने ओलावून त्या रेघांवर टाचण्यांनी बसवला, वाळू दिला. मग मावशींच्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, "ढकलू नकोस. ठेव. आता उचल. पुढे ठेव." मावशींचा हात दोनदा सवयीने पुढे पळाला. तिसऱ्यांदा थांबला.

मित्रांनो, माझ्यासारखे जड आणि गरम काही हाती असेल, तर ते कापडावर ठेवा, ढकलू नका. आणि काही वाकडे दिसले, तर समोरच्याच्या नजरेला बोल लावण्याआधी आपला हात एकदा मोजून पाहा. मी हे फार उशिरा शिकले. माझा तळ अजून आरशासारखा आहे, पण त्यात बघायला मला आवडत नाही.

इस्त्री करून झाल्यावर भाचीने ते एकोणचाळीस तुकडे मोजले. सदतीस तुकड्यांचे दोन्ही कर्ण एकशे सत्तर मिलिमीटर भरले. दोन तुकडे मात्र जरासे वाकडेच राहिले, एक कर्ण एकशे एकाहत्तर आणि दुसरा एकशे एकोणसत्तर.