परत दिलेल्या खोलीची किल्ली

समजा, तुमच्या दुकानात दोन माणसं कामाला आहेत. एक तुमच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावतो. दुसरा सारखा आडवा येतो, म्हणतो, "थांबा मालक, हे असं चालायचं नाही." यातल्या कुणावर विश्वास ठेवाल? घाई नाही, बसा, विचार करून सांगा. तोवर माझी ओळख करून देतो. मी तो दुसरा. मी कंपायलर बोलतोय.

माणसं यंत्रासाठी जे प्रोग्राम लिहितात, ते यंत्राला कळेल अशा रूपात उतरवून देणं हा माझा धंदा. पण माल हातात आला की आधी उलटसुलट करून बघायचा, ही माझी सवय. यंत्राची मेमरी म्हणजे भलंमोठं गोदाम समजा, खोल्याच खोल्या. प्रोग्राम एखादी खोली मागून घेतो, आत आपलं सामान ठेवतो, काम झालं की परत देतो. कुठली खोली कुणाची आणि तिची किल्ली कुणाच्या खिशात, हे मी ध्यानात ठेवतो. परत दिलेल्या खोलीची किल्ली कुणी लपवून ठेवली असेल, तर यंत्र सुरू व्हायच्या आधीच मी त्याला दारातून माघारी पाठवतो.

याला कारण आहे. परत दिलेली खोली कुणी झाडत नाही. जुन्या माणसाचं सामान आत तसंच पडून असतं, अंधारात. जुनी किल्ली लावून कुणी हात घातला, की हाताला काहीतरी लागतं. ते आपलंच आहे असं समजून तो ते घेऊन जातो.

मला कुणा एकाने घडवलं नाही. एकमेकांचे चेहरेही न पाहिलेल्या पुष्कळ लोकांनी घडवलं, आणि त्यातला जो तो कुठे ना कुठे पोळलेला. माझ्या एकेका नियमामागे कुठेतरी होऊन गेलेला एकेक अपघात आहे. इतक्या अपघातांनी बनलेला मी, तरी स्वभावाने हसतमुख आहे, हे माझं मलाच नवल वाटतं.

माझं जगणं मात्र विचित्र. बोलावलं की जागा होतो, तपासतो, आणि काम संपलं की नाहीसा होतो. पुढच्या खेपेला जाग येते तेव्हा खुर्ची हललेली असते, चहा थंड झालेला असतो, कुणाचा तरी आवाज बदललेला असतो. मधे काय झालं, मला ठाऊक नसतं. मी यंत्र चालताना कधीच पाहिलेलं नाही.

माझा एक मुक्काम एका छोट्या कारखान्यात होता. नणंद-भावजयीचा कारखाना. रुग्णाच्या नसेत थेंबथेंब औषध सोडणारा पंप त्या बनवायच्या. प्रोग्राम वहिनी लिहायची, तयार पंप नणंद तपासायची. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे, आणि एकमेकींना टोमणा मारल्याशिवाय दिवसही जात नसे.

"वहिनी, आज कंपायलर रुसला वाटतं?"

"तो कारणाशिवाय रुसत नाही, ताई. घरातल्या इतर मंडळींसारखा नाही तो."

माझ्याकडे एक चोरदार आहे. 'एवढा भाग माझ्यावर सोड, तू बघू नकोस' अशी खूण प्रोग्राममध्ये करता येते. कधी कधी लागते ती, माझी तक्रार नाही. या दोघींची रीत अशी, की खूण करायची तर तिच्या डोक्यावर कारण लिहायचं, आणि ते कारण दुसरीने वाचून होकार द्यायचा. रीत चांगलीच होती.

त्यांचा जुना पंप भिंतीतल्या विजेवर चालायचा. रुग्ण बदलायचा म्हणजे वायर काढायची, नवीन पलंगाशी नेऊन लावायची. वीज गेली की गोदाम पुसून साफ. म्हणून तिथल्या खुणेवर कारण होतं, 'रुग्ण बदलताना पंप बंद होतोच'. ते शंभर टक्के खरं होतं.

मग त्यांनी बॅटरीवरचा नवा पंप केला. वहिनीने जुन्या पंपाचा तो भाग उचलला आणि खुणेसकट, कारणासकट नव्यात आणून ठेवला. नणंदेने कारण वाचलं. ते तिच्या ओळखीचंच होतं. तिने होकार दिला. मला कारणं वाचता येत नाहीत. मला फक्त खूण दिसली, आणि मी तोंड फिरवून पुढे गेलो.

पंप तपासताना खोटा रुग्ण घालावा लागतो. या दोघी नेहमी बाबांचे आकडे घालायच्या, म्हणजे नणंदेच्या वडलांचे, वहिनीच्या सासऱ्यांचे. बाबा जाऊन बरेच दिवस झाले होते. पण शेवटच्या आजारात त्यांचं वजन आणि औषध दोघींना तोंडपाठ झालं होतं. बाबा अंगाने भरभक्कम, म्हणून त्यांचं औषधही जास्त. आई त्यांच्या निम्म्या.

त्याच आईंच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पहिला नवा पंप त्यांनाच लावला. दुखणं दाबणारं औषध होतं, जास्त झालं तर श्वासच मंदावणारं. तपासणी संपताच बाबांच्या जागी आईंचे आकडे घातले आणि पंप टेबलावरून थेट घरी गेला, बॅटरीवर, मधे एकदाही बंद न होता.

त्या दुपारी एका किरकोळ बदलासाठी मला उठवलं. नणंद दुसऱ्या पंपासमोर उभी होती.

"वहिनी, बाबांना काढलं मी यातून. नवीन रुग्ण घातला, अगदी हलका. पडद्यावर वजन बरोबर येतंय."

"मग?"

"थेंब बाबांचेच पडतायत."

"असं कसं होईल? कंपायलर काही बोलला नाही."

"तू त्याला बोलू दिलंस का?"

थेंबांचा आवाज येत होता. कुणासाठी पडत होते ते, सांगता येत नव्हतं. मग माझी वेळ संपली.

पुन्हा उठवलं तेव्हा ती खूण खोडलेली होती आणि आतल्या चोरट्या किल्ल्यांच्या जागी माझ्या माहितीतल्या किल्ल्या होत्या. दार पहिल्यांदाच उघडं. मी आत पाहिलं. थेंब सोडणारा भाग परत दिलेल्या खोलीत उभा होता. बाबांची किल्ली घट्ट धरून, बाबांचंच वजन पुन्हा पुन्हा वाचत. मी सगळं काम थांबवलं आणि सांगितलं, ही खोली परत दिलेली आहे. वहिनीने ती ओळ मोठ्याने वाचली.

नणंदेचा घरी, भावाला फोन एकदाचा लागला होता. "दादा, आईची नळी काढ. नंतर विचार, आधी काढ. श्वास बघ. दादा? अरे, बोल ना..."

आणि मी नाहीसा झालो. दादा काय बोलला, मला ऐकू आलं नाही.

पुढची जाग कधी आली, कोण जाणे. खोलीत ऊन होतं. दोघी एकाच खुर्चीला टेकून उभ्या होत्या.

"काय म्हणाल्या आई?" वहिनीने विचारलं.

"हाक मारल्यावर डोळे उघडले. आता चहा मागतेय, साखर जास्त घाल म्हणून दादाला दटावतेय." मग तिने आवाज खाली घेतला. "म्हणाली, दुपारभर हे पलंगाशी उभे होते. माझ्या नळीला हात लावून. मी म्हटलं, अहो, मला पुरे झालं, तर ऐकेचनात."

वहिनीने तपासणीतून बाबांचे आकडे काढले, एकेक करून. शेवटचा काढताना तिचा हात थांबला, तेव्हा नणंदेने आपलं बोट तिच्या बोटावर ठेवून ते बटण दाबलं.

आता त्या कारखान्यात चोरदार क्वचितच उघडतं, आणि उघडलं तर त्याचं कारण नव्याने लिहितात. मलाही एक दिवस उठवायचं बंद होईल. माझ्यापेक्षा कडक कुणीतरी येईल, आणि तुम्हा सगळ्यांच्या भल्याचंच आहे ते. तोवर एवढंच मागणं आहे. कुणाचं काय घेतलंत, कधी परत केलंत आणि अजून काय धरून बसला आहात, याचा हिशेब खरा ठेवा.