क्रियापदाखाली दोन रेघा

लीलाबाईने पलटणीचं पाकीट नखाने उकललं, आतला कागद मांडीवरच्या पाटीवर पसरला आणि शिसपेन्सिल ओठाला लावून ओली केली.

"अक्षार कुणाचं हाय?" नाथाजी हवालदारांनी विचारलं.

"छापील हाय, मामंजी. ह्यांचं न्हाई."

नाथाजी घोंगडीवरून हात फिरवू लागले. पहिल्या जर्मन लढाईत गोऱ्या साहेबांच्या हाताखाली त्यांनी इंग्रजी कमावलं होतं. आता मोतीबिंदूने डोळे गेले. मुलगा हंबीरराव इटलीच्या आघाडीवर गेला आणि ते सुनेला रोज धडा देऊ लागले. गावाने नाकं मुरडली. "माझं डोळं व्हायचंय तिला. तुमच्या बाचं काय जातंय?" असं फाडकन सुनावून त्यांनी तोंडं बंद केली. लीलाबाईला थोड्याच शब्दांचे अर्थ येत, पण वाक्य सोडवायला ती पटाईत झाली होती. नामाखाली एक रेघ, क्रियापदाखाली दोन.

"वाच. घाई नगं."

"आय... रिग्रेट... टू इन्फॉर्म यू..."

घोंगडीवरून फिरणारा नाथाजींचा हात थांबला.

"दॅट युवर सन, नाईक..." ती अडखळली. सासऱ्यांसमोर नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? "म्होरं ह्यांचं नाव हाय. वॉज किल्ड इन ॲक्शन."

"पुन्यांदा वाच."

तिने वाचलं. तेच आलं.

"चुकतीयास तू. त्यो किल्ड... एकेक अक्षार सांग."

तिने बोट ठेवून सांगितलं. के, आय, एल, एल, ई, डी. म्हातारा ओठ हलवत अक्षरं जुळवत राहिला. बाहेर कुणीतरी बैलांना पाण्यावर नेत होतं.

"नाम?" त्यांनी विचारलं.

"सन. आन् ह्यांचं नाव." तिने रेघा ओढल्या. "वॉज किल्ड क्रियापद. बराबर?"

"बराबर."

एरवी ते शाबास म्हणायचे. लीलाबाईने पेन्सिल खाली ठेवली.

"मामंजी, येणं, जाणं, जेवणं, लिवणं, समदी क्रियापदं शिकिवलीसा. ह्ये एवढंच का न्हाई शिकिवलं?"

"तुला त्ये कवा लागू नये म्हनून, पोरी."

आणि सुनेसमोर आजवर कधी बोडक्या डोक्याने न बसलेल्या नाथाजींनी दोन्ही हातांनी पटका उतरवला आणि जमिनीवर ठेवला.