मेदुल्का नावाची जात नसते

मी एक थोराड अजगरीण आहे. मित्रांनो, सापाला कान नसतात, मग हिला माणसांचे बोलणे कसे कळले, असे तुम्ही विचाराल. आता आत्मवृत्त सांगायला बसलेच आहे, तर एवढे पदरात घ्या.

माझी आई बर्मी अजगर, वडील जाळीदार अजगर. दोघेही माणसाच्या मांडीएवढे जाड. रानात ते एकमेकांच्या वाटेला गेले नसते, पण प्रागजवळच्या कोलीन गावात चेनेक नावाचा माणूस सापांची पैदास करून विकत असे, त्याने तळघरात त्यांची गाठ घालून दिली. मी अंड्यातून डोके बाहेर काढले तेव्हा तो हरखला. "बापाची नक्षी अन् आईचा रंग! सोनंच जन्माला आलंय," असे म्हणाला. तेवढे एक कौतुक मला माझ्या खऱ्या जन्मावरून मिळाले.

प्रागच्या सापांच्या बाजारात त्याने मला पारदर्शक डब्यात ठेवले. झाकणावर खरे तेच लिहिले होते: 'मिश्र. बर्मी आणि जाळीदार.' लोक वाकत, वाचत आणि पुढे सरकत. "मिश्र म्हणजे भेसळच की हो!" एक बाई म्हणाली. "जाळीदार? अहो, ते केवढं होतं! घर पुरायचं नाही," म्हणून एका गृहस्थाने बायकोला ओढून नेले. त्याचे काहीच चुकले नव्हते. बाजार उठला तरी मी डब्यातच होते.

चेनेकची बहीण क्वेतुशे केकचे दुकान चालवत असे. तिने भावाला चांगलेच झापले.

"मी केकवर 'मैदा, अंडी, साखर' असं लिहिते का रे? नाव वाचूनच तोंडाला पाणी सुटलं पाहिजे."

तिने झाकण पुसले आणि त्यावर 'मेदुल्का' असे लिहिले. त्यांच्या भाषेत मधावरून केलेले लाडाचे नाव. माझे आईबाप त्या फडक्यावर राहिले.

पुढच्या बाजारात तिने आणखी एक शक्कल लढवली. त्या देशात पंचांगात रोज कुणाच्या तरी नावाचा दिवस असतो, आणि त्या नावाच्या माणसाला घरचे लोक फुले नि भेटी देतात. त्या दिवशी आपोलेना हे नाव होते. क्वेतुशेने मेदुल्कापुढे तेही लिहून टाकले. माझे असे दुहेरी बारसे झाले. मी तीच होते, डबाही तोच होता, पण आता लोक वाकले की हसत आणि मला हातात मागत.

राडोवान नावाचा गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी नुकती वाचायला शिकलेली. तिने बोट ठेवून वाचले आणि किंचाळली, "बाबा, हिचं नाव पण आपोलेना!"

"आणि आज दिवसही तुझाच. ठमे, ही तुझ्यासाठीच थांबली होती बघ." मग त्याने विचारले, "या मेदुल्का फार वाढत नसतील ना हो?"

चेनेक घुटमळला. क्वेतुशे मात्र हसून म्हणाली, "मधासारख्या असतात. नुसत्या गोड!"

हे काही उत्तर नव्हते. राडोवानला मात्र ते पुरले.

आपोलेना मला गळ्यात घालून गाणी म्हणत असे. ती मुलगी मला आवडत होती की नाही, ते मला सांगता येत नाही. तिची मान उबदार होती, इतके कळत होते. मी उंदीर खात होते, मग घुशी खाऊ लागले, मग मला ससे लागू लागले. ससे राडोवानच्या आईने परसात पाळलेले होते. ती कुरकुरत देई.

"अरे, हिचे आईबाप कोण, ते तरी विचारलंस का?"

"आई, ही मेदुल्का आहे. त्या जातीचे साप गरीब असतात."

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! हिची मान बघ केवढी झालीय. पोरीला लांब ठेव."

राडोवान हसला. तोवर मी त्याच्याहून लांब झाले होते.

एका रविवारी दुपारी घरात कणकीचे वाफवलेले गोळे आणि रस्सा शिजत होता. आपोलेना परसातून सशांना कुरवाळून आली आणि हात न धुता तिने माझ्या पेटीची काच सरकवली. मी पुष्कळ दिवसांची उपाशी होते. मला सशाचा वास आला, ऊब जाणवली. आमच्यात नाव वाचायची सोय नाही. मी झेपावले, तिचा हात धरला आणि वेटोळे घातले. मला राग नव्हता. मला भूक होती.

राडोवान धावला. शेपटीकडून मला सोडवताना तो एकसारखा ओरडत होता, "मेदुल्का चावत नाहीत! अगं, मेदुल्का चावत नाहीत!"

"हे तिला सांग!" आजी ओरडली आणि तिने आलुबुखाराच्या दारूची बाटली माझ्या तोंडात रिकामी केली. जबडा पेटला, तेव्हाच मी हात सोडला.

आपोलेना वाचली. तिची दोन बोटे आता मिटत नाहीत. मला फार वाईट वाटते, मित्रांनो, पण भूक लागली की मला वाईट वाटत नाही, हेही खरे सांगते.

चेनेकने मला परत नेले. मारील असे वाटले होते, पण क्वेतुशेने नवी जाहिरात दिली. 'मुलांत वाढलेली.' यात एक अक्षरही खोटे नाही. नवे नाव ठेवले 'खूवा', म्हणजे मुले सांभाळणारी दाई. आठवड्यात गिऱ्हाईक मिळाले.

आता मी त्या नव्या घरात आहे. घरातली बाई बाळाला कडेवर घेऊन काचेपाशी येते. "बघ, बघ, आपली दाई," म्हणते आणि त्याचा तळवा काचेवर टेकवते. मित्रांनो, प्राण्याला लाडाचे नाव जरूर ठेवा, पण त्याआधी त्याचे आईबाप विचारा. आणि या बाईला कुणी ओळखत असाल, तर माझे आईबाप कोण, ते तिला आजच सांगा. बाळ रांगायला लागले आहे.