अठरा चाचे, अठरा डोळे

माझ्या कपाटात अठरा समुद्री चाचे आहेत. प्रत्येक जण अंगठ्याच्या पेराएवढा, आणि परवापरवापर्यंत अठराही जणांच्या डाव्या डोळ्यावर काळी पट्टी होती. ती का होती, हे मी बारा वर्षं कुणाला सांगितलं नाही.

दर रविवारी सकाळी मी आणि माझा साडू आमच्या जेवणाच्या टेबलावर निळं कापड पसरतो. ते म्हणजे समुद्र. त्यावर पुठ्ठ्याची जहाजं मांडतो, फूटपट्टीने अंतरं मोजतो, फासे टाकतो आणि एकमेकांना बुडवतो. त्याचं सरकारी आरमार, माझे चाचे. दोघांचं वय मिळवलं तर शंभरावर जातं. आमच्या बायका, म्हणजे दोघी बहिणी, आतल्या खोलीत बसून आमच्याविषयी काय बोलतात, ते विचारायची हिंमत आम्ही अजून केलेली नाही.

रंगकामात मी स्वतःला फार मोठा समजतो. कोटाच्या घड्या, गंजलेली तलवार, मळका सदरा, सगळं मला जमतं. गाडी अडते डोळ्यांपाशी. पहिल्या चाच्याचे डोळे रंगवले तेव्हा एक डोळा समुद्राकडे बघत होता आणि दुसरा स्वतःच्या कानाकडे. सुधारायला गेलो तर तो गालावर उतरला. वैतागून मी त्यावर काळा रंग फासला आणि मूर्ती लांब धरून पाहिली. काय रुबाब होता! मग उरलेल्या सतरा जणांनाही तोच रुबाब दिला.

“सगळेच कसे रे एका डोळ्याचे?” साडूने तेव्हा विचारलं होतं.

“इतिहास आहे तो,” मी ठोकून दिलं. “टोळीत भरती होताना डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून शपथ घ्यायचे. मग ती कायमची.”

खरी गोष्ट एवढीच, की मला चाळिशी लागली होती आणि ती मला लावायची नव्हती. आता सांगायला लाज वाटते, पण सांगतो. माझं चष्म्याचं दुकान आहे. “अहो, त्यात लाजायचं काय? सगळ्यांनाच लागते,” हे वाक्य मी दिवसातून चार वेळा बोलतो. बोलताना गिऱ्हाइकाचा नंबर लिहिलेला कागद हात ताणून लांब धरतो. लोकांना वाटतं, मी विचार करतोय.

तर एका रविवारी साडू फासे हातात घेऊन म्हणाला, “अरे, डाव्या डोळ्याने हे ठिपके धूसर दिसतात.”

“हरायला लागलं की सगळ्यांनाच धूसर दिसतं,” मी म्हणालो. तो हसला. मीही हसलो. डाव मी जिंकला.

तीन आठवड्यांनी त्या डोळ्याची नजर गेली. आतली शीर बंद पडली होती. आधी आला असतात तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते त्यांनी साडूला सांगितलं. मला कुणी सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं. ज्याचं पोट डोळ्यांवर चालतं, त्याने जवळच्या माणसाच्या डोळ्यावर विनोद केला होता.

साडू यायचा बंद झाला. चार रविवार गेले. मेहुणीचा फोन आला, “पट्टी लावून गॅलरीत बसून असतात. कुठे जाऊ या म्हटलं की नको म्हणतात.”

बायकोने फोन ठेवला आणि कपाटाकडे बघितलं. “अहो, भाऊजी आले आणि समोर ही तुमची पलटण दिसली, तर काय वाटेल त्यांना?”

अठरा काणे एका रांगेत उभे राहून त्याची वाट बघत होते.

दुसऱ्याच दिवशी दुकानातून दोन नंबरची चाळिशी आणली, स्पिरिटने पट्ट्या पुसल्या, त्यांच्याबरोबर उजवे डोळेही पुसले गेले, आणि छत्तीस डोळे रंगवायला बसलो. चाळिशी नाकावर चढवली आणि पहिल्यांदाच माझी टोळी मला दिसली. एकाचे ओठ हनुवटीवर होते. तोफवाल्याच्या कोटाची पाच बटणं, त्यांतली दोन दंडावर. कप्तानाच्या खांद्यावर जिला पोपट समजून मी हौसेने हिरवा रंग दिला होता, ती दोराची गाठ निघाली. या कामाबद्दल मी लोकांना सल्ले देत होतो.

“छान दिसते हो तुम्हाला,” बायको दारातून म्हणाली. “कधी आणलीत?”

“गिऱ्हाइकाची आहे.”

आठ दिवसांत छत्तीस डोळे झाले, सगळे सरळ बघणारे. बायकोने बहिणीला जेवायचं निमित्त करून बोलावलं. साडू आला. खुर्ची हाताने चाचपून बसला. पेल्याला हात घालायला गेला, तो चार बोटं अलीकडेच मिटला. मी दुसरीकडे बघितलं.

मग त्याने कप्तान उचलला आणि चांगल्या डोळ्याजवळ नेला.

“पट्ट्या कुठे गेल्या?”

“काढल्या. फार एकसुरी दिसत होतं.”

“गाढवा,” तो हळूच म्हणाला. “पट्टी बांधली त्या दिवशी घरात सगळे रडत होते. मी मनात म्हटलं, चला, साडूच्या टोळीत भरती झालो. तेवढी एकच गंमत उरली होती माझ्याकडे. ती पण पुसलीस?”

“त्या दिवशी तू फाशांचं म्हणालास आणि मी...”

“सोड रे.”

“नाही सोडत. चष्मेवाला आहे मी. चुकलंच माझं.”

“चुकलं ना? मग बस आणि लाव याला पट्टी.”

ब्रश आणि काळा रंग घेऊन बसलो. ब्रशचं टोक कुठे संपतं आणि कप्तान कुठे सुरू होतो, तेच दिसेना. हात लांब केला तर ब्रश पोचेना. साडू एका डोळ्याने बघत होता. शेवटी उठलो, खणातून चाळिशी काढली आणि त्याच्यादेखत नाकावर ठेवली. एक फटकारा मारला. पट्टी बरोबर जागेवर बसली, डाव्या डोळ्यावर, केसभरही इकडेतिकडे नाही.

“तुला चाळिशी?” साडू ओरडला. “कधीपासून?”

“पहिली पट्टी रंगवली ना, तेव्हापासून.”

“म्हणजे ती भरती, ती शपथ...”

“काही नव्हतं तसलं.”

“मग आजपासून आहे,” तो म्हणाला आणि ओल्या रंगाचा कप्तान जपून आपल्या बाजूला ठेवला. “आरमार तू घे. टोळी माझी. फासे आण.”