जड होण्याची परवानगी

लगमव्वाची पालखी कुठं थांबणार, हे गावात कुणी आधी सांगत नसे. सांगायचं नसतंच ते. चैत पुनवेला उन्हं कलली की पालखी देवळातून निघायची आणि चालता चालता देवीला जिथं थांबावंसं वाटेल तिथं ती जड व्हायची. पुढच्या दांडीला उजव्या अंगाला भरमू असे. त्याचा खांदा खचला की तो ओरडे, "थांबा रं, जड झाली!" मग ढोल थांबत, घरातून पाट येई, घरची बाई भोयांच्या पायांवर पाणी घाली, पालखी टेकून आरती होई. देवीचं मन भरलं की पालखी आपसूक हलकी होई आणि मिरवणूक पुढं सरके.

आता देवीचं मन ओळखणारे आपण कोण! पण इतकं सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं, की मारुतीराव वाण्याच्या ओट्यापुढं ती न चुकता जड होते. तिथं गुळाचं गार पन्हं मिळे. पाटलांच्या दारातही होते. तिथं भोयांच्या हातावर खोबऱ्याच्या वाट्या पडत. आणि जयाबाईच्या बोळाच्या तोंडाशी आली, की गेली काही सालं ती पिसासारखी हलकी होई. इतकी की ढोलवाल्यांना मागून पळावं लागे.

जयाबाई म्हणजे भरमूची थोरली भावजय. भाऊ परशराम गेला आणि वर्षाच्या आत तंबाखू वाळवायच्या अंगणावरून दोन्ही घरांत वाजलं. अंगण आपल्याकडं येतं अशी भरमूची बालंबाल खात्री. म्हणून त्यानंच हौसेनं बेळगावहून सरकारी मोजणीदार आणवला, त्याला कोंबडी घातली, साखळी धरायला स्वतः पुढं झाला. मोजणीदारानं कोंबडी खाल्ली आणि अंगण सगळं जयाबाईचं आहे असं सांगून चार कोपऱ्यांना चार दगड रोवून गेला. वर भरमूच्या गोठ्याचा एक कोपराही तिच्याच हद्दीत निघाला. जयाबाई गोठ्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. तिनं भांडण केलं असतं तर भरमूला बरं वाटलं असतं. ती गप्प राहिली, म्हणून त्यानं बोलणं टाकलं.

हे असं सुखानं चाललं असतं. पण निपाणीहून बोरगावला जाणारा रस्ता या गावच्या बाजारातून जातो. गेल्या साली त्या रस्त्यावर पालखी मारुतीरावाच्या ओट्यापुढं जड झाली, आणि मागं प्रांतसाहेबांची मोटार अडकली. साहेब भोंगा वाजवीत होते, ढोलवाल्यांना वाटलं साहेबही भक्तीनं साथ देतायत, म्हणून त्यांनी आणखी जोर धरला. त्याचा परिणाम असा, की यंदा म्युनिसिपालटीचा नवा नियम आला. सरकारी रस्त्यावरून मिरवणूक न्यायची तर परवाना काढायचा.

भरमू धुतलेला पटका बांधून कचेरीत गेला. तिथं मार्तंडराव सेक्रेटरी होते. बेळगावचे, नवेच आलेले, सभ्य माणूस. कुणाला 'अरे' म्हणत नसत आणि कुणाला सोडतही नसत.

"मार्ग?" त्यांनी विचारलं.

"देवळापासनं देवळापतूर."

"वाद्यं किती?"

"वाजतील तेवढी."

मार्तंडरावांनी काहीतरी लिहिलं. "थांबे कुठं कुठं?"

"ते मी कसं सांगू, साहेब? ते तिच्या मनावर."

"कुणाच्या?"

"लगमव्वाच्या. तिला थांबावंसं वाटलं की ती जड हुती."

मार्तंडराव हसले नाहीत. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि नीट विचार केला. "जड व्हायला हरकत नाही," ते म्हणाले, "पण कुठं जड व्हायचं आहे ते आधी लेखी कळवावं लागेल."

दारातला शिपाई शामू खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला.

"आणि रस्त्यावर थांबता येणार नाही," मार्तंडराव पुढं म्हणाले. "रस्ता चालण्यासाठी आहे. थांबायचं ते कुणाच्या तरी खासगी जागेत. त्या मालकानं लिहून द्यायचं, की ही जागा माझी आहे, मोजणी करून पाहण्यास माझी हरकत नाही."

भरमूला हे सोपं वाटलं. सगळं गाव ओट्यांनी भरलंय, एक का सतरा ओटे मिळतील. तो तडक मारुतीरावाकडं गेला. मारुतीराव पन्ह्याचा रांजण घासून घेत होता. कागद म्हणताच त्याचा हात थांबला.

"मोजणी? कशाची मोजणी?"

"तुमच्या ओट्याची. नुसतं म्हनायचं, ओटा माझा हाय."

मारुतीरावानं ओट्याकडं पाहिलं. ओट्याखालून म्युनिसिपालटीची गटार वाहत होती. चांगली, बांधीव गटार. ती आधीची, ओटा मागाहूनचा. "भरमाण्णा," तो हळूच म्हणाला, "ओटा माझा न्हाय हो. ओटा देवीचाच हाय. मी आपला त्यावर गूळ इकतो."

पाटलांनी तर एकदम धर्मच काढला. देवीला कागदात बांधायचं म्हणजे पाप, आपल्या हातून होणार नाही. शिंप्यानं सांगितलं घर भाड्याचं आहे. सोनारानं सांगितलं घरमालक नंदगडला आहे. घरमालक त्याचा सख्खा बाप होता आणि आतच निजला होता. भर बाजारात, ज्याच्या त्याच्या ओट्याचं निम्मं अंग गटारीवर होतं, आणि सही करून ते सेक्रेटरीला दाखवायला कुणी तयार नव्हतं. एरवी दारात पालखी आली नाही तर वर्षभर रुसणारी ही माणसं, यंदा भरमू दिसला की दार लोटून घेत.

तो पुन्हा कचेरीत आला तेव्हा पटका सैल झाला होता. शामूनं दारातूनच मान हलवली. "आगल्ल, अण्णा. न्हाय जमायचं."

मार्तंडरावांनी मात्र नकाशा पुढं ओढला. "असं कसं? रीतसर मोजलेलं, हद्दीचे दगड असलेलं एक अंगण आहे की गावात. मोजणीही अलीकडचीच. कुणी करून घेतली कोण जाणे, पण उत्तम काम."

भरमूनं विचारलं नाही कुणाचं ते. घरी येऊन तो भिंतीकडं तोंड करून बसला.

आता पेच असा होता. पालखी कुठंच टेकली नाही तर आरती नाही. आरतीविना फिरून आलेली पालखी म्हणजे देवी उपाशी हिंडवून आणली. बापाच्या हातून असं कधी झालं नव्हतं, परशरामाच्या हातून झालं नव्हतं. भरमूच्या हातून झालं, तर पुढच्या साली दांडी दुसऱ्याच्या खांद्यावर जाणार. आणि टेकवायची तर गावात जागा एकच.

"जावा की," त्याची बायको मालुबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "आक्का काय वाघीन हाय?"

"तिला माझं मन कळायचं न्हाय."

"तुमचं ऱ्हाऊ द्या. लगमव्वाच्या मनातलं तुमास्नी खांद्यानं कळतंय, आन चुलीपुढच्या बाईचं इतक्या सालात डोक्यानं कळलं न्हाय. जावा, भाकरी निवायच्या आत या."

भरमू गेला. जयाबाईच्या अंगणाच्या दगडाबाहेर, बरोबर एक वीत सोडून उभा राहिला. जयाबाई तंबाखूची पानं उलटत होती. शेजारची राजाबाई पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. भरमूला ती देवानं धाडल्यासारखी वाटली.

"राजाक्का," तो म्हणाला, "त्यांस्नी सांगा, पालखी टेकवायला जागा पायजे."

जयाबाई हातभर अंतरावर होती. तरी राजाबाईनं तिच्याकडं वळून सांगितलं, "जया, पालखीला जागा पायजे म्हनत्यात."

"इचार त्यांस्नी, हितं आली की पालखी हलकी हुती न्हवं?"

"हलकी हुती न्हवं, म्हनतीया."

"वारं असतं म्हनावं बोळाला."

"वारं असतं म्हनत्यात."

"दर सालाला? आन माझ्याच बोळाला?"

राजाबाईनं तांदळातला खडा फेकला. "ह्ये तुमचं तुमीच इचारा बाई. माझं तांदूळ ऱ्हायलंय," ती म्हणाली, पण उठली नाही.

जयाबाईनं हात झाडले, आली, दगडाच्या आत उभी राहिली आणि कचेरीचा कागद घेतला. मोजणीच्या वेळी अंगठा उठवायची तिला लाज वाटली होती, म्हणून तेव्हाच ती सही करायला शिकली होती. आताही तिनं सावकाश, एकेक अक्षर बसवत सही केली. कागद भरमूला दिला नाही, राजाबाईला दिला.

"त्यांस्नी एक सांग," ती म्हणाली. "जागा दिली. पर कागदात लिवलंय म्हनून आनलेली देवी मला नको. सरकारच्या भ्यानं कुनी कुनाच्या दारात यायचं नसतं. यायचं असंल तर बोळाच्या तोंडाला जड व्हायाला पायजे, समद्या बाजाराम्होरं. न्हाय झाली, तर खुशाल सरळ जाऊ दे. माझा राग न्हाय."

भरमूनं राजाबाईच्या हातून कागद घेतला. रस्ताभर तो मनात म्हणत राहिला, एवढंच न्हवं का, बोळाशी आलो की एक हाळी द्यायची. पण ती हाळी कुणाच्या तोंडून निघाली हे सगळा बाजार ऐकणार होता, आणि कुणासाठी निघाली हेही.

पुनवेला पालखी निघाली. यंदा बाजूनं मार्तंडराव छत्री घेऊन चालत होते आणि शामूच्या हातात परवाना होता. पाटलांचा वाडा आला. पाटील माडीवरून नमस्कार करून आत गेले. मारुतीरावाच्या ओट्यावर रांजण भरून ठेवलेला होता, वर ओलं फडकं.

"अण्णा," मागच्या दांडीचा जोतिबा कळवळून म्हणाला, "हितं जड झाल्यागत वाटतंय."

"परवान्यात नाही," मार्तंडराव म्हणाले.

"मग न्हाय वाटत," जोतिबा म्हणाला, आणि पालखी रांजणाकडं बघत बघत पुढं गेली.

बोळ आला. आत, दूर टोकाला, जयाबाई अंगणात आरतीचं ताट घेऊन उभी होती. पाट मांडला होता, तांब्या भरून ठेवला होता. ती पुढं आली नाही. पदर सावरून नुसती उभी राहिली.

भरमूनं तोंड उघडलं. हाळी आली नाही. एक पाऊल गेलं, दुसरं गेलं. गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. बोळ मागं पडायला लागला. जयाबाईनं ताट खाली केलं, आरतीवर हाताचा आडोसा धरला आणि ती वळली. रागानं नव्हे, पाहुणे येणार नाहीत असं कळल्यावर बाई जशी चुलीकडं वळते, तशी.

आणि भरमूचा खांदा खचला.

देवीनं खचवला की आणखी कशानं, ते त्याला आजतागायत सांगता येत नाही. गुडघा वाकला, दांडी खाली आली आणि त्याच्या तोंडातून बाजार हलेल अशी हाळी निघाली, "थांबा रं! जड झाली! लई जड झाली!"

ढोल थांबले.

"कुठं?" जोतिबा म्हणाला. "मला तर काय..."

"झाली म्हनतो न्हवं! मागं सरा. बोळात घ्या."

पालखी मागं सरत नाही. तसा रिवाज आहे. आणि परवान्यातही माघारी जाणं लिहिलेलं नव्हतं. सगळे मार्तंडरावांकडं पाहायला लागले. त्यांनी परवाना शामूकडून घेतला, वाचला, बोळाकडं पाहिलं, बोळाच्या टोकाला उभ्या असलेल्या बाईकडं पाहिलं.

"पालखी मागं जात नाही आहे," ते गंभीरपणानं म्हणाले. "वळण्यासाठी जागा घेते आहे. त्याला परवानगी लागत नाही."

बोळ अरुंद. पालखी तिरपी करून घ्यावी लागली, ढोल एकामागं एक आले. मारुतीराव दोन गड्यांकडून रांजण उचलून मागून आला. खासगी जागेत पन्हं वाटायला काय हरकत! पाटलांनी माडीवरून खोबऱ्याचं ताट पाठवलं, आपण आलो नाही एवढंच. दगडापाशी येऊन भरमू अडखळला. मग त्यानं पाऊल उचललं आणि दगड ओलांडून आत टाकलं.

पालखी पाटावर टेकली. जयाबाई तांब्या घेऊन भोयांपुढं वाकली. भरमूनं पाय मागं घेतले.

"वैनी, नगं. तुमी थोरल्या."

किती सालांनी तो तिला थेट काही बोलला होता. राजाबाई पायरीवर उभी होती, तिनं मधे बोलायला तोंडही उघडलं नाही.

"पाय म्होरं करा, भावजी. रीत हाय."

त्यानं पाय पुढं केले. तापल्या रस्त्यावरून आलेले, भेगाळलेले. तिनं सावकाश पाणी घातलं, आधी एका पायावर, मग दुसऱ्यावर, आणि मान वर न करता, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "खरंच जड झाली हुती?"

"लई," भरमू म्हणाला.

"मग उद्या खांदा धरंल तुमचा," जयाबाई म्हणाली. "जवसाचं तेल हाय घरात. मालूला सांगा, सकाळी मीच घिऊन येते."