फोन नसलेली नावं

"मावशी, यादीत तुमचं नावच नाही हो," रिसेप्शनवरची ताई म्हणाली.

"असं कसं? उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू इथंच काढला. डाव्यासाठी आम्हीच बोलावू म्हणालात." शिवणकाम करणाऱ्या मावशी पदरानं चष्मा पुसत होत्या. "वर्ष झालं. म्हटलं, माझ्याहून अडलेले असतील कोणी."

ताईनं संगणकवाल्या काकांना हाक मारली. डोळ्यांच्या या दवाखान्यातल्या नोंदी त्यांनीच संगणकात बसवल्या होत्या. प्रत्येक रुग्णाची नोंद वेगळी. जी माहिती मिळाली तेवढीच भरलेली. त्यांतून हव्या त्या वेचून यादी करणारा चार ओळींचा प्रोग्रामही त्यांचाच. मावशींची नोंद शाबूत होती. काकांनी त्या चार ओळी उघडल्या. एक डोळा झाला असेल आणि फोन असेल, तर यादीत घे.

"मावशी, फोन?"

"कुणाशी बोलायचंय मला?"

काकांनी ती फोनची अट पुन्हा वाचली. रिकाम्या रकान्याला फोन कसा लावू, असं ताईनं कुरकुरत विचारलं होतं, तेव्हा त्यांनी ही अट घातली होती. यादी छान सुटसुटीत झाली होती. काही बिघडलं असतं तर यंत्रानं आरडाओरडा केला असता. इथं काहीच बिघडलं नव्हतं.

त्यांनी अट बदलली. फोन नसेल तर जागा मोकळी ठेव, पत्ता दे, पण नाव घे. यादी पुन्हा आली. फोनची जागा मोकळी असलेली नावं सगळ्यांत वर होती. यादी फोन नंबरच्या क्रमानं लागायची, आणि त्या यंत्रात रिकामं आधी येई.

"अगं बाई, एवढे?" ताई वाकून बघू लागली. "यांना कळवणार कोण?"

"मी जाईन," काका म्हणाले.

"तुम्ही? समोरच्या झेरॉक्सवाल्याशी बोलायला लाजता!"

डॉक्टरांनी मावशींना तपासलं. उशीर झालाय, म्हणाले. गुरुवारी करू, पण कितपत दिसेल ते आत्ता सांगता येणार नाही.

मावशी बाहेर आल्या तेव्हा काका बोलणी खायच्या तयारीनं दाराशी उभे होते. मावशी त्यांच्या सदऱ्याजवळ डोळा नेऊन म्हणाल्या, "गुंडी लोंबतेय तुमची." पिशवीतून त्यांनी सुईदोरा काढला. "मी लावते. तेवढा दोरा ओवून द्या."

काकांनी सुई उजेडाकडे धरली. दोरा दोनदा हुकला. मावशी हात पुढे करून निवांत उभ्या होत्या. थांबायची त्यांना सवय होती.